तळ्याकाठचा हॉल घ्या, पण वेळ पाण्याला विचारून ठरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याला, आई-वडील सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' या भागात. मे महिन्यात वडिलांची एकसष्टी. सकाळी घरी शांती आणि संध्याकाळी सात ते दहा तळ्याकाठच्या एका समाजाच्या हॉलमध्ये सव्वादोनशे माणसांचं जेवण, असा बेत. हॉलचं भाडं लॉनच्या निम्म्याहून कमी, मागच्या व्हरांड्यातून चार पायऱ्या उतरलं की पाणी, आणि मोबाइलवर आलेले फोटो बघून घरातल्या सगळ्यांचा जीव त्याच हॉलवर बसलाय. घ्यावा का, आणि घेताना काय काय विचारावं, हे तुम्हाला हवंय.

घ्या. पण संध्याकाळचा नको, सकाळचा घ्या. शांती आणि जेवण दोन्ही तिथेच उरका आणि साडेबाराला हॉलची किल्ली परत देऊन घरी या.

मी गेली 19 वर्षं पाण्यालगतचा असाच एक हॉल सांभाळतोय. त्याआधी बिछायतवाल्याकडे कनाती बांधायचो. हॉलचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात वाटायची. आता संध्याकाळ का नको ते सांगतो.

मेमध्ये सोलापुरात सूर्य मावळतो सातला दहा-पंधरा मिनिटं कमी असताना. पत्रिकेत सात छापलं की आपल्याकडचा माणूस सातला आंघोळीला जातो, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणजे पाहुणे येतात तेव्हा तळं नसतंच. कठड्यापलीकडे नुसता काळोख आणि लांबवर समोरच्या काठाचे चार दिवे. ज्या पाण्यासाठी हॉल घेतला ते कुणाला दिसत नाही, पाण्याबरोबर येणारा त्रास मात्र सगळा हजर: चिलटं, ओल, घसरण, वारा. मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो की रात्रीचाच कार्यक्रम असेल तर पाण्याकाठी येऊ नका. गावातला कुठलाही हॉल घ्या, तिथे रिक्षा तरी मिळेल. मंडळाच्या लोकांना माझं हे बोलणं आवडत नाही.

दुसरी गोष्ट काठाची. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुपारनंतरचं ऊन थेट व्हरांड्यात आलेलं दिसतंय, म्हणजे पाणी हॉलच्या पश्चिमेला आहे आणि हॉल पूर्वकाठावर. असा हॉल संध्याकाळी म्हणजे भट्टी. पाण्याकडची भिंत दुपारी दोनपासून तापते आणि रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत राहते. शिवाय पाण्यावरून परतणारं ऊन डोळ्यांत जातं ते वेगळंच. फोटोत सगळ्यांचे डोळे बारीक नाहीतर चेहरे काळे. तोच व्हरांडा सकाळी आठला बघा. ऊन हॉलच्या मागून, म्हणजे रस्त्याच्या बाजूने येतं, व्हरांडा सावलीत असतो आणि समोर पाणी लख्ख. मेमध्ये सोलापुरात सावलीत बसून गार वारा घेण्याची तेवढीच एक वेळ. पश्चिमकाठचा हॉल असेल तर याच्या बरोबर उलट. म्हणून कुणी तळ्याकाठचा हॉल म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारतो, कुठल्या काठाचा?

आणि तिसरा वळीव. हा मी स्वतः भोगलाय. सात-आठ वर्षांपूर्वी असाच मेमधला साखरपुडा होता. डेकोरेशनवाल्याने स्टेजमागे, अगदी पाण्याच्या कडेला, वीस फूट रुंद नि बारा फूट उंच फ्लेक्स ताणून उभा केला. मी म्हटलं, बाबा, मधे वाऱ्याला वाट ठेव, दोन-चार चिरा पाड. तो म्हणाला, चिरा पाडल्यावर नवरा-नवरीचा फोटो फाटेल की. पाच वाजता पश्चिमेला आभाळ काळं झालं. सव्वापाचला धूळ आली. मोकळ्या पाण्यावरून वारा येतो तेव्हा त्याला अडवायला झाड नसतं की भिंत नसते, तो थेट येऊन आदळतो. फ्लेक्सचं शीड झालं, लोखंडी सांगाडा पायातून उचलला गेला आणि सावकाश, अगदी सावकाश, स्टेजवर आडवा झाला. नवरी मेकअपच्या खोलीत होती म्हणून बरं. पुढे तासभर पाऊस, लाइट गेलेली, आणि आम्ही चौघं अंधारात ओल्या गाद्या ओढतोय. तेव्हापासून आमच्या पावतीवर छापलेलं आहे: पाण्याच्या बाजूला सहा फुटांपेक्षा उंच काही उभं करायचं नाही. तुमच्या हॉलच्या पावतीवर तसं नसलं तरी तुम्ही स्वतः पाळा. वळीव बहुतेक दुपारनंतरच येतो. सकाळचा कार्यक्रम या भानगडीतून सहसा सुटतो.

आता सकाळचं गणित. सहाच्या आत उजाडतं. गुरुजींना साडेसहाला बसवा. होमाचं आधी विचारून घ्या. काही हॉलमध्ये फरशीवर होम चालत नाही, चालत असला तर खाली विटा आणि वाळूचा थर लागतो. व्हरांड्यात होम करू नका. सकाळीही पाण्याकडून झुळूक असतेच, राख ताटात जाते. साडेआठला नाश्ता: उप्पीट किंवा इडली, आणि सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, ठेवलात तर पुण्याची मंडळी खूश. साडेदहापर्यंत सत्कार, दोन माणसांची भाषणं. दोन म्हणजे दोनच. अकराला पानं. जेवणात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ठेवा, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बाजूला ठेवा, आणि तळण कमी करा. पापडाचं मात्र ऐका. पाण्याकाठी व्हरांड्यात पंगत बसवली की पापड वाढायच्या आधी उडतात. आमचे वाढपी पापड भाताखाली खोचतात, दिसायला वाईट पण उपाय तोच. कागदी द्रोणही उडतात. स्टीलच्या ताट-वाट्या घ्या, म्हणजे कचराही होत नाही.

सकाळचा आणखी एक फायदा म्हणजे दर. संध्याकाळच्या मानाने सकाळच्या तारखा मोकळ्या असतात. लग्नतिथी नसेल तर मंडळाचे लोक अर्ध्या दिवसाच्या भाड्याला तयार होतात. विचारल्याशिवाय मात्र कुणी सांगणार नाही.

भाड्याकडे वळू. आकडे मी सांगत नाही, ते सीझनप्रमाणे आणि तोंड बघून बदलतात. पण भाडं या एका शब्दात काय काय येतं ते फोडून घ्या. समाजाच्या हॉलला दोन दर असतात, सभासदाचा आणि बाहेरच्याचा. नात्यात कुणी सभासद असेल तर त्याच्या नावाने बुकिंग करायची आपल्याकडे पद्धत आहे. करा, पण मग डिपॉझिट परत मिळेल ते त्यांच्याच नावावर आणि नुकसान निघालं तर जाबही त्यांनाच. पुढचं वर्षभर त्या घरी चहाला जाताना अवघडल्यासारखं होतं, एवढं लक्षात ठेवा.

जीएसटीचं असं. हॉलच्या भाड्यावर 18 टक्के लागतो. समजा भाडं 20,000 ठरलं, तर कराचे 3,600 वेगळे. हॉल नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टचा, धर्मस्थळाच्या आवारातला आणि सगळ्यांना खुला असेल, आणि दिवसाचं भाडं 10,000 पेक्षा कमी असेल, तर कर लागत नाही. आणि ज्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, त्याने नोंदणीच केलेली नसते, त्याला कर घेताच येत नाही. म्हणून कुणी पावतीवर जीएसटी लावला तर वर नोंदणी क्रमांक छापलाय का बघा. क्रमांक नाही आणि कर आहे, असं बिल मी पाहिलेलं आहे. गोड बोलून विचारलं की कर गळून पडतो.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती तासांवरून. "एक दिवस" म्हणजे काय? काहींचा दिवस सकाळी आठला सुरू होतो. तुमचा आचारी येणार पहाटे चारला. मग गेट कोण उघडणार? रखवालदार म्हणतो मला कुणी सांगितलं नाही. पावतीवर लिहून घ्या: आदल्या रात्री अमुक वाजता ताबा, दुसऱ्या दिवशी अमुक वाजता सोडायचा, आणि उशीर झाला तर तासाला किती. तुमच्यानंतर त्याच दिवशी संध्याकाळी दुसरं कार्य आहे का, हेही विचारा. असेल तर त्यांचा डेकोरेशनवाला साडेअकराला शिडी घेऊन पंगतीत उभा राहतो.

ताबा घेताना मॅनेजरला बरोबर घेऊन मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा: फुटलेल्या काचा, हललेले नळ, भिंतीवरचे डाग आणि शेवटी विजेचं मीटर, आकडा दिसेल असं. पाच मिनिटांचं काम आहे, पण डिपॉझिट अडकण्याची नव्वद टक्के कारणं तिथेच संपतात. हे मी मॅनेजर असून सांगतोय.

हॉल महापालिकेचा किंवा सरकारी मदतीतून उभारलेला असेल तर रद्द करण्याचं कलम वाचा. निवडणुकीसाठी अशा इमारती ताब्यात घेता येतात, कायद्यातच तशी तरतूद आहे. अशा वेळी भाडं परत मिळतं, पण पत्रिका वाटून झालेल्या असतात. निवडणुकीचं वर्ष असेल तर दुसऱ्या एका जागेशी तोंडी बोलून ठेवा.

आता पाणी. म्हणजे समोरचं नव्हे, नळाचं. पुण्यातल्या माणसाला वाटतं तळ्याकाठी पाण्याची काय कमी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे तुमच्या आईला विचारा. समोर एवढं तळं आणि मागच्या गेटात टँकर, हे सोलापुरातल्या पाणकाठच्या हॉलचं नेहमीचं चित्र आहे. हिशेब मी असा धरतो. मेमध्ये माणशी दोन लिटर पिण्याचं, म्हणजे सव्वादोनशे माणसांना 450 लिटर. 20 लिटरचे 23 जार होतात, तुम्ही 28 सांगा. आचाऱ्याला स्वयंपाकासाठी वेगळे. भांडी, हात, संडास मिळून माणशी 15 लिटर धरा, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. 5,000 लिटरची टाकी आदल्या रात्री काठोकाठ भरलेली हवी. झाकण उघडून स्वतः बघा. "भरलीय की" या शब्दावर जाऊ नका.

आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. काही केटररची पोरं टाकीतलं पाणी संपत आलं की बादली दोरीला बांधून तळ्यातून पाणी ओढतात आणि ताटं त्यातच विसळतात. आमच्याकडे एकाला पकडला तेव्हा तो म्हणाला, काका, नुसतं खंगाळायला घेतलंय. तळ्यात शहराचं काय काय येऊन मिळतं हे त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मग दिसायला स्वच्छ कसं? त्या दिवसापासून मी पाण्याकडच्या दाराला कार्य चालू असताना आतून कडी लावतो आणि तिथे माणूस बसवतो. केटररकडे अन्न परवान्याचा क्रमांक मागा, ते ठीकच आहे, पण भांडी कुठे घासणार हे त्याहून आधी विचारा.

संडासांचं कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. एकसष्टीला साठी-सत्तरीची माणसं निम्मी. कमोड किती, तिथपर्यंत पायऱ्या आहेत का, धरायला दांडी आहे का. तळ्याकाठच्या बऱ्याच जुन्या हॉलना ड्रेनेजची लाइन नसते, सेप्टिक टँक असतो, आणि तो भरत आला की सव्वादोनशे माणसांत ऐन जेवणाच्या वेळी उलटतो. शेवटचा कधी उपसला हे विचारा. उत्तराला वेळ लागला तर समजून जा.

भटारखान्यातलं सांडपाणी कुठे जातं हे बघायची माझी एक सोपी रीत आहे. एक बादली पाणी मोरीत ओता आणि मागे जाऊन उभे राहा. खड्ड्यात किंवा चेंबरमध्ये गेलं तर ठीक. पायऱ्यांच्या कडेने घरंगळत तळ्यात गेलं तर तुमच्या वडिलांच्या जेवणाचं खरकटं दुपारी तिथेच तरंगणार. अशा हॉलच्या मंडळाला मी तरी भाडं देणार नाही. पण हा माझा हट्ट झाला.

तळ्याचं रूपही महिन्यागणिक बदलतं. तुम्हाला आलेले फोटो बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरातले आहेत. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस सगळ्यात जोराचा, त्यानंतर तळी भरलेली आणि कडा हिरव्या. मेमध्ये तेच पाणी तीस-चाळीस पावलं मागे सरकलेलं असतं, मधे चिखल, त्याला भेगा आणि वाऱ्याबरोबर शेवाळाचा वास. कंबर तलावावर जलपर्णी पसरली की पाणी हिरव्या गालिच्याखाली गडप होतं, हे विजापूर रोडवरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय. तुळजापूर रस्त्याचा हिप्परग्याचा तलाव, म्हणजे एकरूखचा, आदिला नदीवर एकोणिसाव्या शतकात बांधलेला. त्याचंही तसंच. पाऊस चांगला झाला तर समुद्र, नाहीतर माळ. म्हणून एप्रिलच्या शेवटी कुणाला तरी पाठवून त्याच व्हरांड्यातून फोटो मागवा. वास कळायला माणूसच लागतो, फोटोत तो येत नाही. आई-वडिलांना सकाळी फिरायला म्हणून तिकडे न्या. वडिलांना कार्यक्रमाचं सांगायचं नसेल तर तेही साधतं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ज्यावर सगळे "हो हो, बघू" म्हणतात, ते मुलांचं. सव्वादोनशे माणसांत दहा वर्षांखालची तीसेक पोरं असतात. मोठ्यांचं लक्ष सत्काराकडे, आणि पोरांना पाणी बोलावतं. कठडा निदान साडेतीन फूट आहे का बघा, आणि दोन दांड्यांमधून पोरगं निसटेल एवढी फट आहे का तेही बघा. असेल तर हिरवी जाळी बांधून घ्या. बिछायतवाल्याकडे असते आणि बांधायला अर्धा तास लागतो. पायऱ्यांवर पाण्यालगतच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांना शेवाळ असतं, कोरडं दिसतं पण पाय ठेवला की गेला. आमच्याकडे पडला तो पोरगा नव्हता, फोटोग्राफर होता. एक डोळा कॅमेऱ्यात, मागे मागे सरकत गेला आणि कॅमेऱ्यासकट कमरेभर पाण्यात. सगळे हसले. मी नाही हसलो. तिथे कमरेभर होतं, पलीकडे दोन हातांवर खोल आहे.

म्हणून दोन माणसं नेमा. नात्यातली नको. नातलग गप्पांत रमतो, त्यात त्याची चूक नाही. पैसे देऊन दोन धडधाकट, पोहता येणारी माणसं पाण्याच्या दारावर बसवा, आणि त्यांना जेवण आधी वाढा. टायरची ट्यूब आणि लांब दोर दारालाच टांगलेला असू द्या. एवढ्या कार्यात हा खर्च एका हाराएवढा आहे.

विजेचं थोडक्यात. सकाळचा कार्यक्रम असल्यामुळे लाइटिंगचा भार नाही, पण मे आहे, कूलर लागणारच. हॉलच्या मीटरला किती भार मंजूर आहे हे विचारा. कूलर, माइक, भटारखान्यातला मिक्सर आणि कुणाच्या तरी हौसेची एलईडी भिंत एकदम चालू झाली की एमसीबी पडतो. जनरेटर "भाड्यात आहे" म्हणतात तेव्हा डिझेल कुणाचं हे विचारायचं राहून जातं. आणि पाण्याकाठची जमीन ओली असते, म्हणून वायरीचे जोड जमिनीवर नको, खुर्चीच्या पाठीला का होईना, वर बांधा. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड ओल्या गवतात पडलेला दिसला की मी आधी मेन बंद करतो आणि मग शिव्या देतो. आगीचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अग्निशामक यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, त्याला बी फॉर्म म्हणतात, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ऑफिसात बसल्या बसल्या तेवढं दाखवा म्हणा.

आवाजाबाबत तुमची काळजी सकाळमुळे निम्मी मिटली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते हे की दिवसाही निवासी भागात मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि दवाखाना, शाळा किंवा कोर्ट 100 मीटरच्या आत असेल तर 50. माइक बाहेर लावणार असाल तर पोलीस ठाण्यातून परवानगी घ्या. पाण्यावर आवाज लांब जातो, कारण पाण्यालगतची हवा थंड असते आणि वरची गरम, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळून पलीकडच्या काठाला जाऊन पडतो. आमच्याकडे तक्रार शेजारून कधी आली नाही, नेहमी समोरच्या काठावरून येते. बॉक्सची तोंडं पाण्याकडे नको, भिंतीकडे करा. गाण्यांच्या परवान्याचं म्हणाल तर लग्न आणि त्याच्याशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे, 2023 मध्ये केंद्र सरकारने तसं स्पष्टही केलं. पण एकसष्टी म्हणजे लग्न नव्हे. सनई-चौघडा प्रत्यक्ष वाजवणारे बोलवा. पारंपरिक धून, कुणाचा हक्क नाही, आणि सकाळी तेच शोभतं.

तुमच्या भावाने तरंगत्या दिव्यांचं म्हटलंय. सकाळी त्याचा प्रश्नच येत नाही, तरी सांगतो, नको. आमच्याकडे एकदा शंभर दिवे सोडले, थर्माकोलच्या तबकड्यांवर. पाच मिनिटं सुंदर दिसलं. मग वारा फिरला आणि सगळे दिवे एका कोपऱ्यात गोळा होऊन धुपायला लागले. दुसऱ्या दिवशी मी आणि रखवालदार बांबूने ते ओढत होतो. थर्माकोलवर तर राज्यात 2018 पासून बंदीच आहे. आणि 100 पेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी घ्यायचा असेल, तर तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि ओला-सुका कचरा वेगळा द्यायचा, असं घनकचरा नियमांत सांगितलंय. घंटागाडी किती वाजता येते ते विचारून खरकट्याचे ड्रम गेटाशी आणा, पाण्याच्या बाजूला ठेवू नका. कुत्री येतात, आणि मग कुत्र्यांमागे पोरं.

जाता जाता, आणखी एकाने जानेवारीतल्या हॉलबद्दल विचारलंय, त्याचं उत्तर इथेच देतो. जानेवारीत सिद्धेश्वर तलावाच्या आसपास हॉल बघणाऱ्यांनी गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचं, कॅलेंडर आधी हातात घ्यावं. 12 तारखेला तैलाभिषेक, 13 ला संमती कट्ट्यावर अक्षता, 14 ला होम, 15 ला होम मैदानावर दारूकाम, आणि संक्रांत पंधराला असली तर सगळं एक दिवस पुढे. त्या दिवसांत तिकडचे रस्ते नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे असतात. तुमची वऱ्हाडाची गाडी पार्क चौकाच्या पुढे सरकणार नाही. हौसेने त्याच तारखा धरून माणसं यात्रेलाही आणायची असतील तर गोष्ट वेगळी, पण मग वेळ पाळायची अपेक्षा सोडा.

परत तुमच्याकडे. शेवटचं स्टेजचं. डेकोरेशनवाला पाण्याकडे पाठ करून स्टेज लावेल, कारण त्याला फोटोत मागे तळं हवं असतं. म्हणजे सव्वादोनशे माणसं तळं बघणार आणि ज्यांच्यासाठी हॉल घेतला ते वडील तीन तास मागच्या भिंतीवरचे पंखे बघत बसणार. स्टेज व्हरांड्याच्या टोकाला आडवं लावा, म्हणजे मान थोडी वळवली की त्यांनाही पाणी दिसेल. फोटोग्राफर कुरकुरेल. कुरकुरू द्या, फक्त त्याला पायऱ्यांकडे मागे सरकू देऊ नका.